कोंबडीनं उबवलेलं पाणी

जी मुलगी वर्गात गप्प बसते, तिच्याजवळ किस्से आपोआप साठतात. तिच्यासमोर माणसं काहीही बोलतात. ही कुठं सांगायला जाणार, असं त्यांना वाटतं. मी नववीत आहे. शाळेच्या नदी गटात बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझं अक्षर चांगलं आणि तोंड बंद. आता इतकं साठलंय की थोडं रिकामं केलेलं बरं.

आमचं गाव तेरच्या पुढं, तेरणा नदीच्या काठावर. नळाला पाणी येतं ते नदीकाठच्या विहिरीतून, आणि त्या विहिरीच्या जरा वरच्या अंगाला गावाची नाली नदीत पडते. माझी मैत्रीण आरती, जी माझ्या वाटचंही बोलते, तिची लहान बहीण परी सारखी पोट बिघडून आजारी पडायची. सलाईन लागायची वेळ आली तेव्हा आरतीनं शाळेच्या कार्यक्रमात सरपंच तात्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, नाली कवा हलवणार?"

तात्या हसले. "पाणी एक नंबर हाय, बाळा. मी सोता हेच पितो. तुमच्या मॅडमनी तपासावं. खराब निघालं तर दुसऱ्या दिवशी नाली हलवतो. पण सबूत पायजे."

विज्ञानाच्या शिंदे मॅडमनी तिथल्या तिथं गट काढला.

*

पाणी किती गढूळ आहे हे बघायला मॅडमनी एक ताट काळं-पांढरं रंगवून दोरीला बांधलं. ताट पाण्यात सोडायचं आणि दिसेनासं झालं की दोरी किती भिजली ते मोजायचं. ताट शाळेच्या खिचडीचं होतं.

आरतीनं ताट सोडलं. काठावरून मॅडमनी विचारलं, "किती खोलपर्यंत दिसतंय?"

"खोल कुठलं मॅडम, टेकलं आन् गेलं."

दोरी ओढली तर नुसती दोरीच वर आली. खिचडी वाढणाऱ्या मावशी तेव्हापासून आम्हाला 'ताटबुडव्या' म्हणतात आणि वाढताना आधी हात मोकळे आहेत का ते बघतात.

*

नदीतले जीव मोजायचे होते. गोगलगाय, खेकडा, चतुराची अळी, असं जे दिसेल ते लिहायचं. जितके जास्त प्रकार, तितकी नदी निरोगी. वर्गातल्या मुलांच्या गटाचे प्रकार आमच्यापेक्षा बरेच जास्त निघाले. मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी वाचायला घेतलं: म्हैस, म्हशीवरचा बगळा, म्हशीवरची गोचीड, ट्रॅक्टर धुणारे बापूकाका.

"बापूकाका जलचर आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, सकाळपास्नं पाण्यातच हुते."

*

गावाला पाणी सोडायचं काम दगडूमामांचं. विहिरीत पाणी शुद्ध करायची पावडर टाकायचं कामही त्यांचंच.

मॅडमनी विचारलं, "मामा, पावडर रोज टाकता ना?"

"टाकत हुतो की. लोक म्हणायचे, पाण्याला लई वास येतोय."

"मग?"

"मग बंद केली. आता म्हणत्यात, मामा, पाणी सुधारलं."

मॅडमचं पेन लिहिता लिहिता थांबलं. शाई संपली असेल म्हणून मामांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं.

*

मग तपासणीच्या बाटल्या आल्या. छोट्या काचेच्या बाटल्या, आत तळाला तपासणीची थोडी पिवळी पावडर. पाणी भरून एक दिवस उबेला ठेवायचं. काळं पडलं तर त्यात मैला मिसळलाय, पिऊ नये. बाटल्या आदल्या दिवशी आरतीच्या घरी ठेवल्या होत्या.

आम्ही सगळ्या गल्ल्यांतून पाणी भरलं. दिवस उलटला तरी एकही बाटली काळी पडली नाही. आरतीचा चेहरा पडला. पाणी चांगलं निघालं म्हणून रडकुंडीला आलेली मुलगी मी पहिल्यांदाच बघितली.

संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. 'आमचे गाव, शुद्ध पाणी'. त्यावर हात जोडलेले तात्या, आणि मागे नेटवरून घेतलेली नदी. नदीच्या मागे बर्फाचा डोंगर.

दगडूमामा बराच वेळ बघत उभे राहिले. "ही जर तेरणा आसंल," ते म्हणाले, "तर मी पाणी सोडतोय ते कुठल्या गावाला?"

तो फ्लेक्स बघून आम्ही आरतीच्या घरी गेल्यावर तिच्या आईनं कौतुकानं सांगितलं, "निघणारच की चांगलं. शाळेच्या बाटल्या म्हणून म्या राखेनं घासल्या. आत पिवळं पिवळं कायतरी चिकटलं हुतं. समदं खरडून काढलं."

*

मॅडमनी दुसऱ्या बाटल्या मागवल्या आणि त्या शाळेतच कुलपात ठेवल्या. या वेळी प्रत्येक बाटलीवर कुणाचं घर आणि पाणी कशातलं, दोन्ही लिहायला सांगितलं. तात्यांनी निरोप पाठवला, "माझ्या घरचं बी घ्या."

मी त्यांच्या अंगणातल्या नळाला बाटली लावणार, तेवढ्यात त्यांच्या घरच्या काकू बाहेर आल्या. "आगं, दारात आलेल्या लेकराला असलं पाणी देऊ व्हय? आण हिकडं." बाटली घेऊन आत गेल्या. आतून गुडगुड आवाज आला. दारातून दिसलं ते मी चिठ्ठीवर लिहिलं. बोलले काहीच नाही. ती माझी सवयच नाही.

थंडी कडाक्याची होती. बाटल्यांना ऊब कुठून आणायची? आरतीच्या घरी एक कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली होती. आरतीनं तिच्या पाटीतली अंडी काढून घेतली आणि सगळ्या बाटल्या तिच्या खाली सरकवल्या. कोंबडीनं जरा मान वाकडी करून बघितलं आणि बसली.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या आईनं अंड्यांसाठी हात घातला.

"आरते," आई म्हणाली, "कोंबडीनं जांभळं घातली."

*

ग्रामसभेत मॅडमनी बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सगळ्या काळ्याकुट्ट, एकच स्वच्छ. आरती परीला घेऊन पुढंच बसली होती.

तात्यांनी तपासणी निकालात काढली. "कोंबडीखाली ठिवल्यावर पाणी काळं हुणार न्हाय तर काय गोरं हुणार?" लोक हसले. मीही थोडी हसले, बाकी सगळे हसत होते म्हणून.

मग त्यांना ती स्वच्छ बाटली दिसली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली.

"ही बी कोंबडीखालीच हुती का?"

"व्हय," आरती म्हणाली.

"मग ही का न्हाय काळी पडली? म्हंजी कोंबडीचा दोष न्हाय आन् पाण्याचा बी न्हाय. भांडी कशी ठिवता त्याच्यावर हाय. ह्या घराचा आदर्श घ्या जरा. कुणाचं घर हे? त्यांचा आत्ताच सत्कार करू." त्यांनी शाल मागवली. चिठ्ठी वाचायला गेले, पण चष्मा नव्हता. "कुणी लिवलंय हे? तूच का? वाच मोठ्यानं." आणि माईक माझ्या हातात दिला.

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी आरतीकडे बघितलं. पहिल्यांदाच ती माझ्या वाटचं बोलली नाही.

मी जसं लिहिलं होतं तसं वाचलं. "सरपंच तात्या यांचे घर. विकतच्या जारचे पाणी."

मग बायकांच्या बाजूनं काकूंचा आवाज आला. "तर काय! घरातल्या माणसाला नळाचं देत आसत्यात व्हय?"

आरती उठली, माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, "तात्या, मग नाली उद्या किती वाजता?"