म्हशीला विचारलंस का?

चष्मा कपाळावर ढकलायचा, मान थोडी तिरकी करायची आणि शांतपणे म्हणायचं, "तिला विचारलंस का?" ही आमच्या मॅडमची सवय. वर्गात कुणी बोललं की म्हशीला कसलं आलंय दुःख, की हा प्रश्न आलाच. मुलं हसायची. मॅडमही हसायच्या, पण उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. प्रश्न विचारून खरंच थांबणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मी तोवर पाहिली नव्हती.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात त्या तत्त्वज्ञान शिकवायच्या. जनावरांना मन असतं का, आणि असलं तर चांगलं वागणं त्यांना कळतं का, यावर त्यांचा अभ्यास होता. त्या इंग्रजीत लिहायच्या आणि आम्हाला मराठीत समजावून सांगायच्या. मी हा विषय घेतला तो दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. विषय चुकला की बरोबर, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

पहिलं वर्ष मी गप्पच होते. मग एकदा मॅडमनी विचारलं, "जनावराला फसवता येतं का?" माझा हात कसा वर गेला, मला कळलं नाही.

"आमच्यात रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरतात," मी म्हटलं. "ते पुढं ठेवलं की म्हैस त्याला चाटते आणि पान्हा सोडते. मग धार काढता येते."

सगळी पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली. काहीतरी घाण बोलले, असं वाटून मी खाली बसले. मॅडम माझ्या बाकावर येऊन बसल्या.

"म्हणजे आधी आईला फसवायचं," त्या हळू म्हणाल्या, "आणि तिची मायाच कामाला लावायची. मला हे बघायला नेशील?"

शिरोळकडं आमचं गाव. मॅडम एसटीनं आल्या. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की मॅडम डॉक्टर आहेत, जनावरांवर त्यांचं काम आहे. आईनं ते गल्लीत सांगितलं. आम्ही पोचलो तर दारात जनावरांची रांग. शेजारचे आप्पा बैल घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"डॉक्टरीणबाई, हेच्याकडं बघा जरा. वैरणीला तोंड लावत न्हाई."

"अहो, मी औषधाची डॉक्टर नाही. जनावरांच्या मनाचा अभ्यास करते."

"मग मनच बिघडलंय की तेचं! परवा रागानं दोन काठ्या घातल्या. तवाधरनं माझ्याकडं बघतबी न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "मग माफी मागा त्याची."

"बैलाची?"

"त्याला विचारा तर."

सगळी गल्ली हसली. आप्पा तणतणत बैल घेऊन गेले. पण संध्याकाळी मी पाहिलं, ते गोठ्यात त्याच्या गळ्याखाली खाजवत उभे होते आणि काहीतरी पुटपुटत होते.

आमच्या चंद्रीचं रेडकू नुकतंच गेलं होतं. धारेच्या वेळी आईनं ते पेंढ्याचं रेडकू पुढे ठेवलं. चंद्रीनं ते हुंगलं, थोडी थांबली आणि चाटायला लागली. मॅडम जमिनीवर बसून बघत होत्या.

"तिला कळत नसेल?" त्यांनी आईला विचारलं.

"कुणाला ठावं मॅडम," आई म्हणाली. "आमी काय म्हशीच्या पोटात शिरलोय?"

 पुढे त्यांनी आपल्या पुस्तकासाठी त्यावर एक प्रकरण लिहायला घेतलं. जिला फसवता येतं तिच्यावर अन्यायही होतो, मग तिला शब्द असोत वा नसोत, असं त्यांचं म्हणणं होतं. चहा मात्र त्यांना म्हशीच्या दुधाचाच लागायचा. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "मी लिहिते तेवढी चांगली अजून झालेली नाही."

गोठ्यातले शब्द विचारायला त्या मला घरी बोलवायच्या. रंकाळा तलावाच्या मागच्या बाजूला त्यांचं जुनं छोटं घर होतं. घरात त्या आणि त्यांच्या आई. आज्जींना विसर पडायचा. एखाद्या दिवशी लख्ख बोलायच्या, एखाद्या दिवशी मॅडमनाही ओळखायच्या नाहीत. मॅडमचे थोरले भाऊ आजारानं गेले होते, तेही त्या विसरायच्या, आणि मुलगा आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून ताट सारायच्या.

एकदा मी तिथं असताना जेवणाच्या वेळी मॅडम आतून भावाचा चौकड्यांचा शर्ट घेऊन आल्या. तो त्यांनी टेबलाजवळच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला.

"आई, दादा आलाय. हातपाय धुतोय. तू सुरू कर."

आज्जींनी शर्टाकडं पाहिलं. त्याची कॉलर नीट केली. मग जेवायला लागल्या.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. नंतर भांडी घासताना म्हणाल्या, "पाहिलंस ना? तुझी आई गोठ्यात करते तेच मी इथं करते. आणि ते चूक आहे, असं मीच लिहिते. आता ते प्रकरण पुढं कसं न्यायचं?"

 ते प्रकरण तिथंच अडलं. त्याच विचारात मॅडम वाळत चालल्या. दुपारच्या तासाला मध्येच थांबायच्या आणि आपण काय बोलत होतो, ते आम्हालाच विचारायच्या.

मग एकदा मॅडम दारावर आलेल्या भाजीवाल्याशी बोलत होत्या आणि मी आज्जींपाशी बसले होते. शर्ट खुर्चीवर होता. आज्जींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"माझा ल्योक गेलाय, पोरी. कवाकवा इसरतो मी, पन समदंच न्हाई इसरत. ही बया शर्ट अडकवती. मी जेवलो न्हाई तर तीबी उपाशी ऱ्हाती. म्हणून गप जेवतो मी. लई खुळी हाय ती."

आणि आमटीत भाकरी चुरायला लागल्या.

हे मॅडमना सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी त्या मला सोडायला आल्या तेव्हा बसस्टॉपवर सांगून टाकलं. मॅडमचा हात चष्म्याकडं गेला आणि तसाच राहिला. "तिला विचारलंस का?" त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम. त्या आपणहून बोलल्या."

माझी बस आली आणि गेली. मॅडम रस्त्याकडं बघत होत्या.

"मग चंद्रीलाही ठाऊक असेल," त्या म्हणाल्या. "ती आधी थांबली होती बघ. तुझ्या आईची गरज ओळखून तिनं पान्हा सोडला असेल तर? ती फसली, असं मी लिहिलं. तिनं सांभाळून घेतलं, असं लिहायला हवं होतं का? सिद्ध नाही करता येणार. पण नाकारायचं तरी कशाच्या जोरावर?"

"मग आता शर्ट नाही लावणार?"

"आता तर लावायलाच हवा," मॅडम म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "तिनं एवढं सांभाळलंय ते."

त्यांनी ते प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं. ते पूर्ण झालं नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी, कॉलेजला निघताना, चपला घालता घालता मॅडम दारातच कोसळल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्याकडं स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा फोन आला. "आज्जी जेवीनात गं. तू येऊन बघतीस का?"

मी गेले. ताट वाढलेलं तसंच होतं. एका खुर्चीवर तो चौकड्यांचा शर्ट होता. तो मावशींनीच आठवणीनं लावला होता. शेजारची मॅडमची खुर्ची मोकळी.

"आज्जी, मॅडम कॉलेजला..." मी सुरुवात केली आणि ताटातली वाटी उगाच सरकवली.

आज्जींनी माझ्याकडं बघितलं. तो त्यांचा लख्ख दिवस होता. तसा नसता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"तुला न्हाई जमत," त्या म्हणाल्या. "तिलाबी जमत नव्हतं. आतनं तिची निळी शाल आण."

मी शाल आणली.

"लाव की खुर्चीला. हुबी काय ऱ्हायलीस?"

मी लावली. एक टोक जमिनीला टेकत होतं, ते आज्जींनी उचलून वर घेतलं आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

"आता तूबी बस. मी जेवल्याबिगर तू काय जेवायची न्हाईस, ठावं हाय मला."

मी बसले. आज्जींनी भाकरीचा तुकडा मोडला.