धुवणाचं पाणी

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं रसायनं ढवळून मला एक खोड लागली. टाकाऊ काही दिसलं की हात शिवशिवायचे. आमच्या कारखान्यामागे जिप्समचे ढिगारे पडून असायचे, पिवळट, आंबूस वासाचे. हेच धुवून भाजलं तर छताचं उत्तम प्लास्टर होतं, असं मी येईल त्याला ऐकवायचो. लोक कंटाळले, तेव्हा नोकरी सोडली आणि पलूसजवळ एका म्हाताऱ्या बाईंच्या शेताच्या कडेची शेड भाड्याने घेतली. त्यांना सगळे आक्का म्हणत. कारखान्यामागचं जिप्सम ट्रकने तिथे आणू लागलो.

चार पाण्यांनी धुवायचं, मग सौम्य आम्ल, मग पुन्हा पाणी. शेवटी चिमूटभर काळ्या पाटीवर पसरून पाहायचं. पहिल्यांदा पांढरंशुभ्र निघालं, तेव्हा मी पाटी घेऊन आक्कांकडे धावलो. पन्नाशीचा घोडा, पण पहिला नंबर आल्यासारखा.

धुवणाच्या पाण्याचं काय करायचं, हे मात्र ठरत नव्हतं. ते साफ करायची टाकी पुढच्या वर्षी बांधू, असं मी स्वतःला समजावत होतो. आक्कांचं विहिरीलगतचं रान उसाला पाणी पाजून पाजून चोपण होऊन टणक झालेलं, वर मीठ फुटलेलं. अशा रानाला जिप्सम घालतात, हे इकडे शेंबडं पोरही सांगेल. पाणी वाया घालवण्यापेक्षा माझ्या रानात सोडा, असं आक्काच म्हणाल्या. जिप्सम तर शेडमध्येच राहत होतं; पाण्यातून जात होती ती त्याची घाण. मला हे कळत होतं. तरी मी पाइप जोडून दिला, वर उपकार केल्याचा आव आणला.

वर्षभरात विहिरीचं पाणी बिघडलं. म्हशीने तोंड फिरवलं. मी नमुना तपासला, तर त्यात माझ्याच धुवणातलं आम्ल निघालं. ढिगाऱ्यातली घाण मी नुसती उचलून त्यांच्या विहिरीत नेऊन टाकली होती. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. शेडला कुलूप लावून आक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आवं, पाणी मीच मागितलं व्हतं. तुमचा काय दोष?" असं म्हणून त्या विहिरीत वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते पिवळं तुमी पांढरं करून दावलं न्हवं? तसं ह्ये पाणीबी धुवून द्या की."

बघतो, म्हणालो. ती विहीर आता साफ होणार नाही, हे मला ठाऊक होतं.