माटोळीचे चार कोपरे

निगेटिव्हवरून मोठा फोटो पाडणाऱ्या एन्लार्जरसाठी भिंग निवडणे हा माझ्या मते भूमितीचा प्रश्न होता, आणि भूमितीत मी कधी कमी गुण मिळवले नव्हते.

त्या वर्षी चतुर्थीच्या तीन आठवडे आधी थोरल्या काकांचा खांदा मोडला. पेडण्यातल्या आमच्या घरी गणपतीच्या डोक्यावरची माटोळी तेच बांधत. लाकडी चौकटीला रानातली फळे, सुपाऱ्यांची लोंबती शिप्टे, नारळाच्या पेंडी, आंबाड्यांचे घोस केवणीच्या सालीच्या दोऱ्यांनी टांगायचे आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. तो क्रम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. मी लहानपणापासून शिडीखाली उभी राहून फळे वर देत आले होते. या वर्षी शिडीवर मीच चढेन, असे मी जाहीर केले. माझ्या वडिलांना उंचीची भीती वाटते, त्यामुळे त्यांनी लगेच पाठिंबा दिला. काकांनी अट घातली: पूर्वीच्या माटोळीचा मोठा फोटो आण, त्यात एकूण एक फळ दिसले पाहिजे, मग चढ.

फोटो होता, म्हणजे निगेटिव्ह होती. डिचोलीच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ती चौकोनी निगेटिव्हच्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढली होती. स्टुडिओ त्यांनी केव्हाच बंद केला. त्यांचा एन्लार्जर मी आदल्या वर्षी घेऊन आले होते आणि आमच्या जुन्या न्हाणीची डार्करूम केली होती. आठवडाभर मी औषधांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत गोळ्या तपासते; रविवारी दुपारी खिडकीला काळे कापड लावून फोटो छापते.

निगेटिव्ह घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दोन भिंगे पुढे ठेवली. एक पन्नास मिलिमीटरचे, लहान फिल्मसाठीचे, काच लख्ख. दुसरे पंचाहत्तरचे, चौकोनी निगेटिव्हसाठीचे. पण गोव्याच्या दमट हवेत त्याच्या काचेत बुरशीची नाजूक झाडे उगवली होती. नियम मला ठाऊक होता: भिंगाचे केंद्रांतर साधारण निगेटिव्हच्या कर्णाइतके हवे. चौकोनी निगेटिव्हचा कर्ण एकोणऐंशी मिलिमीटर भरतो, म्हणजे पंचाहत्तरचे योग्य. मात्र मला सोळा इंची फोटो हवा होता आणि त्या भिंगाने तेवढा मोठा करायचा तर एन्लार्जरचा दांडा अपुरा पडत होता. पन्नासने तो आरामात बसत होता. छिद्र लहान केले की कडांना उजेड कमी पडण्याचा दोष निभावून जाईल, असा मी हिशेब मांडला आणि बुरशीचे भिंग नम्रपणे परत केले.

स्टुडिओवाले काका बुरशीकडे पाहत म्हणाले, "बाय, मधी सगळी भिंगां शाणी आसतत. परीक्षा कोन्यात."

हा अनुभवाचा अलंकार आहे, असे समजून मी तो ऐकून सोडून दिला.

फोटो सुरेख आला. समयांच्या उजेडात गणपतीचा चेहरा असा काही उठला होता की सोंडेवरची रंगाची रेघ मोजता यावी. वरचे कोपरे काळवंडलेले होते, पण समया खाली आणि माटोळी वर. सावली असणारच, असे मी स्वतःला समजावले. ओल्या कडांसकट तो घरापुढच्या बलकावात बसलेल्या थोरल्या काकांपुढे धरला. त्यांनी गणपतीकडे पाहिलेसुद्धा नाही. बोट थेट डाव्या कोपऱ्यावर गेले. तिथे काय आहे, असे त्यांनी विचारले. अंधार आहे, असे मी सांगितले.

"गणपती दर वर्सा नवो येता गो," ते म्हणाले. "माटोळी तीच आसता. शिडीर चडान काळोख बांधतलंस काय?"

वडील आत जाऊन हसले. मला ते ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी पुन्हा डिचोलीला गेले. स्टुडिओवाल्या काकांनी काही विचारले नाही. भिंग पुडीत बांधून तयार होते, याचाच मला अधिक राग आला. दांड्याच्या उंचीचा उपायही त्यांनीच सांगितला: एन्लार्जरचे डोके उलट फिरवायचे, तोल जाऊ नये म्हणून पाटावर वजन ठेवायचे आणि फोटो टेबलावर न पाडता थेट जमिनीवर पाडायचा. वजन म्हणून आईचा वरवंटा आणि माझी भौतिकशास्त्राची तीन पुस्तके उपयोगी पडली. बुरशीमुळे चित्र फिकट होते, म्हणून मी अधिक कडक कागद वापरला. काळे काळे झाले, पांढरे पांढरे. छिद्र दोन पायऱ्या लहान केले. न्हाणीच्या फरशीवर पालथी पडून, मधला गणपती सोडून, मी चारही कोपरे तपासले.

या वेळी एकूण एक फळ मोजता येत होते. डाव्या कोपऱ्यात सुपारीचे शिप्टे आणि त्यामागे कवंडळाचे फळ. उजव्या कोपऱ्यात, जिथे तोरिंजन हे मोठ्या लिंबासारखे फळ असायला हवे, तिथे पानांत गुंडाळलेले काहीतरी गोल होते आणि त्यावरून एक वळणदार शिवण गेली होती. फळांना शिवण नसते. मी पुन्हा पाहिले. तो टेनिसचा चेंडू होता.

मी थोरल्या काकांना फोटो दिला आणि बोट उजव्या कोपऱ्यावर ठेवले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग कान लाल झाले. त्या वर्षी म्हापशाच्या बाजारात तोरिंजन मिळाले नव्हते, आणि देवाला जागा रिकामी दाखवण्यापेक्षा, असे काहीसे ते पुटपुटले. माझ्या धाकट्या भावाने तो चेंडू चतुर्थीभर विहिरीपर्यंत शोधला होता, याची मी त्यांना आठवण करून दिली.

"हां, सामको बरो दिसता तुझो फोटो," ते म्हणाले. मग त्यांनी तो आईला न दाखवण्याची सूचना केली.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी मी शिडीवर चढले. फोटो समोरच्या भिंतीला लावला होता. खाली खुर्चीत काका, हात गळ्यात. फळे वडील वर देत होते. पहिली गाठ सुटली आणि आंबाड्यांचा घोस त्यांच्या डोक्यावर पडला. काकांनी केवणीचा दोरा दाताखाली धरून, एकाच हाताने, गाठ कशी मारायची ते दाखवले. दुसरी गाठ बसली. मग तोरिंजन वर आले, खरे, सुगंधी, अपेक्षेपेक्षा कितीतरी जड, आणि मी उजव्या कोपऱ्याकडे हात लांबवला.