बादलने तोंड फिरवलं होतं

बादलची शेवटची पोस्टिंग कोपरला होती. डोंबिवली पश्चिम, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, त्याच वर्षी तोही झाला. काळा लॅब्रडॉर, वय नऊ, वजन एकतीस किलो, ट्रेड एक्स्प्लोझिव्ह डिटेक्शन. युनिटने विचारलं, "गायकवाड, घेऊन जाणार का?" मी घरी न विचारता हो म्हटलं. संगीताने, म्हणजे माझ्या बायकोने, तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी तिनेच त्याच्यासाठी जुनी गोधडी काढली.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजी कुत्रा म्हणजे भुंकणारा आणि चावणारा. बादल भुंकत नसे. स्फोटकाचा वास आला की तो गुपचूप खाली बसायचा, तेवढंच त्याचं बोलणं. दुसरी गोष्ट खाण्याची. हँडलर, म्हणजे मी, सोडून कोणाच्या हातचं तो खात नसे. हे आम्ही त्यांना लहानपणापासून शिकवतो, कारण कुत्रा मारायला गोळी लागत नाही, मटणाचा एक तुकडा पुरतो. समोर काहीही धरा, तो तोंड फिरवणार आणि हँडलरकडे बघणार. हँडलर "ले" म्हणाला तरच खाणार.

एकदाची गोष्ट सांगतो. जागेचं नाव सांगत नाही. सकाळी सहा वाजता रोड ओपनिंगला, म्हणजे गाड्या जाण्याआधी रस्ता तपासायला, निघालो होतो. मागून कॉन्व्हॉय येणार होता. एका छोट्या पुलाच्या अलीकडे बादल बसला. आदल्या दिवशी इंजिनिअर्सनी तोच पूल तपासला होता. कंपनी कमांडर मेजरसाहेब घाईत होते.

"गायकवाड, कुत्ता थक गया है क्या?"

"नहीं साब. बैठा है."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बादलकडे. मग वायरलेस सेट उचलला. "ऑल स्टेशन्स, होल्ड. जो जहाँ है वहीं रहे. ओव्हर."

सात-चाळीसला पुलाखालून सामान निघालं. किती होतं ते सांगत नाही. त्या कॉन्व्हॉयमधली सगळी पोरं त्या दिवशी लंगरमध्ये, म्हणजे आमच्या मेसमध्ये, जेवली, एवढं सांगतो. कुत्र्याने सांगितलं की थांबायचं, विचारत बसायचं नाही. हा नियम मी अकरा वर्षं पाळला. कोपरला येऊन तो मोडला.

इथे आल्यावर बादलचं रूटीन मी युनिटसारखंच ठेवलं. पाच-तीसला उठणं, सहाला खाडीच्या बाजूने चालणं, सातला ब्रश. खाणं घरी. बाजारातल्या बिस्किटांच्या पाकिटावरचं मला अर्धं वाचता येत नाही आणि वाचता येतं ते पटत नाही. मी रताळं उकडून, त्यात नाचणीचं पीठ आणि एक अंडं घालून छोटे चौकोन भाजायचो. चिकनची कलेजी मंद आचेवर सुकवायचो. संगीता म्हणायची, "चोवीस वर्षं फौजेत काढली आणि येऊन शिकलात काय, तर कुत्र्याची शंकरपाळी." शेजाऱ्यांना वास जायचा. त्यांच्या कुत्र्यांनाही जायचा.

असं करत करत गच्चीवर कुत्र्यांचा खाऊ शिकवायचा रविवारचा क्लास सुरू झाला. सोसायटीत बादल सोडून पाच कुत्री. त्यातल्या एकाला थंडीत स्वेटर, एकाचा वाढदिवस केक कापून. मी मनात हसायचो, पण ही माणसं मनापासून शिकायला यायची. सकाळी आठ वाजता वही घेऊन बसायची. मी नियम द्यायचो. मीठ नाही. साखर नाही. गूळ नाही. कांदा-लसूण नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नाही. नवा पदार्थ आधी एकाच कुत्र्याला, बाकीच्यांनी चोवीस तास थांबायचं. हा शेवटचा नियम फौजेतला. तो पहिला कुत्रा अर्थातच बादल.

का नाही, ते मी सांगत नसे. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ऑर्डर मिळाली की लिहून घ्यायची आणि पाळायची, अशाच पद्धतीने मी शिकलो आणि तसंच शिकवलं. क्लासमधले लोक साखर का नाही, हे विचारत नव्हते. मला वाटायचं, किती शिस्तीचे आहेत.

मराठे काकू क्लासमधल्या सगळ्यात हुशार. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय सत्तरच्या आसपास. त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. त्यांचे यजमान मधुमेही, घरात दोघंच. बादलला बघायला म्हणून त्या पहिल्यांदा गच्चीवर आल्या आणि नंतर एकही रविवार चुकवला नाही. बादल त्यांच्या पायाशी जाऊन बसायचा. पण त्यांच्या हातचं खायचा नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं.

"हवालदार, एकदा तरी याने माझ्या हातचं खायला हवं हो," त्या म्हणायच्या.

"खाईल काकू. सिव्हिलची सवय व्हायला वेळ लागतो."

मी असं का म्हणालो असेन? त्याला सवय व्हावी असं मलाही वाटत होतं. सोसायटीतला कुत्रा सगळ्यांचा असतो. लिफ्टमध्ये कोणी प्रेमाने बिस्कीट पुढे करायचं, हा तोंड फिरवायचा, समोरच्याचा हात तसाच राहायचा. मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

तो रविवार मार्चमधला. आठ वाजताच गच्ची तापायला लागली होती. काकू सहा डबे घेऊन आल्या. पाच घरांना पाच आणि बादलचा एक, वर प्रत्येकाचं नाव. आत लिंबाएवढे लाडू. शेंगदाण्याचं कूट, नाचणी, लाल भोपळा. त्यांनी सगळ्यांसमोर वही वाचून दाखवली, काय काय घातलं नाही ते. वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा होता.

"नियमाप्रमाणे आधी बादल," काकू म्हणाल्या. "त्याने पास केलं की उद्या सगळ्यांनी द्यायचे."

त्यांनी लाडू पुढे धरला. बादलने वास घेतला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला. मग तोंड फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

लोक हसले. काकूंनी हात मागे घेतला नाही. "घे रे राजा," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा धरला. बादलने पुन्हा तोंड फिरवलं आणि एक पाऊल मागे गेला.

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. काकूंचा हात तसाच पुढे होता.

मी म्हटलं, "बादल, ले."

त्याने घेतला. मग दुसरा, तिसरा, चौथा. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा आठ-वीस झाले होते. घड्याळ बघायची माझी सवय आहे, म्हणून ते लक्षात आहे. नसतं तर बरं झालं असतं.

आठ-पन्नासला क्लास संपला. जिना उतरताना बादलचे मागचे पाय लटपटले. घरी आल्यावर त्याने उलटी केली आणि गोधडीवर आडवा झाला. हिरड्या फिकट. मला वाटलं, ऊन लागलं. रोड ओपनिंगला उन्हात कुत्रा असा आडवा झाला तर आम्ही ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळायचो. तेच केलं. दहा मिनिटांत तो उठला, शेपटी हलवली, पाणी प्यायला. मी संगीताला म्हटलं, "बघ. उन्हाचंच होतं."

नऊ-पस्तीसला त्याला फिट आली.

साळवी आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. क्लासमधलाच, त्याच्याकडे एक पांढरा स्पिट्झ आहे. मी त्याला फोन केला. तो चप्पल न घालता खाली आला.

"फौजी काका, डोंबिवलीत आज संडेला कोण नाय मिळणार. ठाण्याला चला. माजिवड्याला चोवीस तासवालं हॉस्पिटल आहे. मी गेलेलो तिकडे."

"किती वेळ?"

"माणकोलीच्या पुलावरून मारतो. टेन्शन नका घेऊ."

मागच्या सीटवर बादलचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माणकोलीचा पूल पटकन ओलांडला. पुढे हायवेला कंटेनरची रांग लागली होती. साळवी हॉर्न वाजवत होता आणि शिव्या देत होता. मी बादलचा श्वास मोजत होतो. माजिवड्याला पोचलो तेव्हा दहा-पंचवीस झाले होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आधी सुई लावली, मग विचारलं.

"काय खाल्लं?"

"घरचंच. हेल्दी. नाचणी, भोपळा, शेंगदाणे. साखरसुद्धा नाही."

"बाकी काही गोड?"

"लाडू गोड होते. पण साखर नाही."

तिचा हात थांबला. "साखर नाही, मग गोड कशाने होते?"

मी काकूंना फोन लावला.

"काकू, लाडू गोड कशाने केले?"

"साखर नाही हो घातली. तुम्हीच सांगितलं होतंत. यांच्या चहासाठी जी पावडर आणतो ना, ती घातली. काय झालं?"

"त्या पावडरच्या डब्यावरचं नाव वाचा."

"थांबा, चष्मा घेते. झाय... झायलिटॉल."

स्पीकर चालू होता. डॉक्टरने डोळे मिटले आणि उघडले. माणसाला चालतं, कुत्र्याला विष, एवढंच ती म्हणाली. आधी रक्तातली साखर एकदम खाली जाते, मग लिव्हर जातं. ग्लुकोज चोळलं होतं म्हणून तो मधे उठला होता. तिने विचारलं, "अजून कोणत्या कुत्र्याने खाल्लंय?"

पाच घरांत पाच डबे गेले होते.

मी संगीताला फोन केला. "ऐक. प्रश्न विचारू नको. डबे परत गोळा कर. एकही लाडू कुत्र्याच्या तोंडात जाता कामा नये. आत्ता."

"कुठल्या घरापासून?"

"साळवींकडून. त्याची बायको घरी आहे. मग खाली खाली ये."

इकडे मी एकेकाला फोन करत होतो. "लाडू दिले?" "नाही काका, तुम्ही उद्या म्हणालात ना." "डबा संगीताकडे द्या." पहिल्या चार घरचे असंच म्हणाले. पाचवा फोन उचलत नव्हता. बी विंग, तळमजला, बीगलवाले. त्यांचा मुलगा लहान आहे आणि तो कुत्र्याला सारखं काहीतरी भरवत असतो. दोनदा वाजला. तीनदा. साळवी भिंतीला टेकून खाली बसला. मी चौथ्यांदा लावला.

दहा-एकावन्नला संगीताचा फोन आला. तिला धाप लागली होती. "क्लासहून येऊन परत झोपलेत सगळे. दार ठोकून उठवलं. डबा फ्रिजवर होता, झाकण तसंच आहे. पाच डबे माझ्याकडे आहेत."

"लाडू मोजलेस?"

"मोजले. प्रत्येकात सहा. सगळे आहेत."

बादल तीन दिवस तिथे होता. दुसऱ्या दिवशी त्याने मान उचलली तेव्हा मला वाटलं, सुटलो. डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवून रिपोर्ट दाखवला. आकडे मला कळले नाहीत, तिचा चेहरा कळला. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक-दहाला तो गेला. मी जवळ होतो. शेवटी त्याला काहीही करायला सांगितलं नाही.

साळवीच्या मामाचं कल्याणच्या पुढे शेत आहे. तिथे त्याला पुरलं. मी सॅल्यूट केला. संगीताने बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं, मोठ्याने, शेवटपर्यंत.

सोसायटीत लोक मला समजवायला यायचे. म्हणायचे, शेवटपर्यंत ड्यूटी केली त्याने, पाच कुत्री वाचवली. कोणीतरी ग्रुपवर त्याचा फोटो टाकून शहीद लिहिलं. मला राग आला. पाच कुत्री वाचवायला त्याला मरायची गरज नव्हती. मी ऐकलं असतं तर तोंड फिरवलं तेव्हाच त्याने ती वाचवली असती, आणि स्वतःलाही. ते नेहमीचं तोंड फिरवणं होतं की त्याला त्या लाडवाचं काही कळलं होतं, हे मला कधीच समजणार नाही. पण रिपोर्ट त्याने दोनदा दिला होता. पुलापाशी मी एका मेजरला थांबवलं होतं. गच्चीवर मला एका म्हाताऱ्या बाईला नाही म्हणता आलं नाही.

पुढच्या रविवारी आठ वाजता मी गच्चीवर गेलो. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. सगळे आले होते. कुत्री पण. मराठे काकू शेवटच्या खुर्चीवर होत्या, हात रिकामे. आठवडाभर त्या दाराबाहेर आल्या नव्हत्या.

मी उभा राहिलो आणि युनिटमध्ये वाचतात तसं कागदावरून वाचलं. नाव बादल. सेवा आठ वर्षं. जिथे जिथे तो बसला त्या जागा तेवीस. तो चालला त्या वाटेवर त्याच्या मागून गेलेला एकही जवान दगावला नाही. मृत्यूचं कारण, हँडलर गायकवाडची चुकीची ऑर्डर. मग मी वही उघडली आणि प्रत्येक नियमापुढे कारण लिहायला सांगितलं. जे मला माहीत नव्हतं ते डॉक्टरला विचारून आणलं होतं.

"हवालदार," काकू उठून म्हणाल्या. "ते कारण बरोबर नाही. लाडू माझे होते."

"काकू, बसा. ऑर्डर माझी होती."

"असू दे. तुम्ही सगळं एकट्याच्या नावावर लिहिलंत, मग मी घरी बसून काय करू? यजमान विचारतात, जेवत का नाहीस. काय सांगू त्यांना, माझी चूकच नव्हती म्हणून?" त्यांनी डोळे पुसले नाहीत. "माझं नाव लिहा."

फौजेत असं होत नाही. ज्याची ऑर्डर त्याची जबाबदारी, ती वाटून घेता येत नाही.

तरी मी पेन काढलं आणि त्या कागदावर माझ्या नावाखाली त्यांचं लिहिलं. सुमती मराठे. त्यांनी जवळ येऊन वाचलं, मान हलवली आणि जागेवर जाऊन बसल्या.