आधी

"मोठेबाबा गेले, पल्लवी," असं मोठ्या आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी इंदूरच्या ऑफिसात डबा उघडत होते. ती रडत नव्हती. सकाळी छातीत जळजळलं, शेजारच्यांनी गाडी काढली, दवाखान्यापर्यंत बोलत होते... मग थांबून म्हणाली, "गाडीत एकच म्हणत राहिले. आधी घ्यायला पाहिजे होती, आधी घ्यायला पाहिजे होती." मी काहीच विचारलं नाही. ते मलाच उद्देशून होतं, असं मला वाटलं. पुढचे पाच आठवडे मी ते वाक्य कुणाला न सांगता बाळगलं.

असं का वाटलं, हे कळण्यासाठी आमचा एक शब्द सांगावा लागेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याला राहायचे. आयुष्यभर पावरलूमच्या कारखान्यांत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. बुद्धिबळ तिथेच शिकले, लाइट गेली आणि माग बंद पडले की. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला चहा पाजायचा, आणि डाव बरोबरीत सुटला तर एकच चहा दोघांनी वाटून घ्यायचा. आमच्याकडे मराठीत हिंदी कधी शिरते ते कळत नाही. चहा टपरीवर गेला की 'चाय' होतो आणि अर्धा कप म्हणजे 'आधी'. त्यामुळे बरोबरी म्हणजेही आधी. त्यांच्या मोबाइलवर मी ऑनलाइन बुद्धिबळ लावून दिलं, तेव्हा बरोबरी देऊ करायचं ½ चं बटण बघून ते म्हणाले, "ही तर आपली आधी."

मी कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकले, पण तिथे इंग्रजीतही कमीच बोलले. ऑनलाइन डाव मला आवडायचे, कारण समोर चेहरा नसतो. पण आकडा असतो. माझं रेटिंग बाराशेच्या आसपास. समोर पंधराशेचा, सोळाशेचा कुणी आला की माझा हात आखडायचा. त्याने बरोबरी देऊ केली की मी पट न बघता घेऊन टाकायचे. तगड्याशी बरोबरी झाली तरी रेटिंग थोडं वाढतं, मला तेवढं पुरायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत मोठेबाबा माझ्या मागे उभे राहून हे बघत होते.

"अगं, वजीर मरत होता त्याचा."

"मोठेबाबा, तो सोळाशेचा आहे."

"मग? सोळाशेचा माणूस तुझ्यापुढे हात पसरतो, आणि तू त्यालाच थँक्यू म्हणते?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तगडा माणूस आधी केव्हा मागतो? पूर्ण चाय आपल्यालाच पाजावी लागणार, असं दिसलं की. तू आकडा नको बघू, पट बघ." त्यांनी आरशावर चिकटवलेली मोठ्या आईची टिकली काढली आणि माझ्या मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात, समोरच्याचा आकडा येतो नेमकी तिथे, लावली.

"संपवा माझ्या टिकल्या दोघं मिळून," मोठी आई आतून म्हणाली.

"पोरीच्या मोबाइलला नजर लागते आहे," ते म्हणाले.

त्या टिकलीने मला बरंच काही दिलं. पहिल्यांदा जिंकून झाल्यावर मी नखाने टिकलीची कड उचलून खालचा आकडा बघितला आणि घाबरून परत दाबली.

आमचा शेवटचा डाव रविवारी संध्याकाळी झाला, ते राजपुऱ्यात, मी इंदूरला माझ्या खोलीत. मोठेबाबांनी मला कधीच बरोबरी मागितली नव्हती. त्या दिवशी तीनदा मागितली. पटावर एकेक हत्ती उरला होता आणि माझं एक प्यादं जास्त होतं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. शेवटी शेवटी ते एकेका खेळीला फार वेळ घेत होते. मला वाटलं, नेट गेलं असेल. माझं प्यादं टोकाला पोचलं आणि त्यांनी डाव सोडला. मी त्यांना पहिल्यांदाच हरवलं होतं. फोन करावासा वाटला, पण काय बोलायचं ते सुचेना. उद्या करू म्हटलं... सोमवारी दुपारी मोठ्या आईचाच फोन आला.

म्हणून ते वाक्य ऐकल्यावर मला वाटलं, रविवारीच त्यांना बरं वाटत नसणार. पुतणीपुढे तसं म्हणता येईना, म्हणून तीनदा आधी मागितली. आणि मी पटच बघत राहिले.

तेराव्याला घर भरलेलं होतं. पुढे एकटीच गेले, तेव्हा मोठी आई त्यांच्या औषधांचा डबा आवरत होती. एक पाकीट मला दाखवून म्हणाली, "ही बघ. हिच्यासाठीच गाडीत हळहळत होते. जेवणाच्या आधीची गोळी, आणि स्वतः विसरले, पोहे झाल्यावर घेतली. पित्तच आहे, असं धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, आधी घेतली काय अन् नंतर घेतली काय."

"गोळी?" मी म्हटलं.

"मग काय घ्यायची होती?"

मी रविवारचा डाव सांगितला, तीनदा मागितलेली आधी सांगितली. मोठी आई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं बेटा, ते तर फसवत होते तुला. पहिल्यांदा मागितली तेव्हा मला म्हणे, बघ, आता घेते पोरगी. तिसऱ्यांदा नाही म्हटलंस तर म्हणे, चाय ठेव, पूर्ण. तुझ्या वाटची इथे बसून स्वतःच प्यायले."

"बरे होते?"

"दोन भाकरी खाल्ल्या. शेजारी जाऊन सांगून आले, हरलो म्हणून."

साधा मराठी शब्द. लहानपणापासून बोलते मी तो. मला हसू आवरेना, आणि किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला असं वाटलं.

तिने फळीवरचा त्यांचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला. वरच्या कोपऱ्यात टिकली होती.

"ही कशाला?"

"तुझ्याशी खेळताना लावायचे. म्हणे, पोरीचा आकडा दिसला की हात ढिला पडतो."

म्हणजे हरले ते खरोखरच हरले. मोबाइल मी होता तिथे ठेवला, टिकलीसकट. मोठ्या आईने गॅस पेटवला होता आणि सवयीने दोन कप काढले होते.

"चाय घेते नं? आधी?"

"पूर्ण," मी म्हटलं.