रशियन बाईची जयंती आणि माझा जळफळाट

सलाम मंडळी. दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

आमच्या कुवेतातल्या मंगफच्या फ्लॅटात आज नातीनं मैत्रिणी जमवून केक कापला. कुणासाठी? तर जुन्या काळच्या एका रशियन बाईसाठी! तिनं म्हणे गरीब बायकांना शिवणकाम मिळवून दिलं, मुलींच्या शिक्षणासाठी भांडली. भिंतीवर तिचा फोटो, खाली जन्मतारीख.

मला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला बोलू?

"अगो, शिवण तर मी पण शिकवलंय," मी म्हटलं. "सन साठ-बासष्टच्या सुमारास, इथंच कुवेतात. नवऱ्यांमागे आलेल्या आपल्या रत्नागिरीकडच्या बायका दिवसभर खोलीत कोंडलेल्या असायच्या. माझ्या एका मशीनवर सगळ्या शिकल्या. मग शेजारच्या अरबी बायका पोरांचे झगे त्यांच्याकडूनच शिवून घ्यायला लागल्या."

"वॉव दादी! स्टार्ट कधी केलंस? डेट सांग, पोस्टर बनवते."

आता आली पंचाईत. तारीख कोण लिहून ठेवतंय? गोड्या पाण्याचा टँकर आला नव्हता, धुणीभांडी अडली होती, म्हणून बायका माझ्याकडे येऊन बसल्या आणि मी मशीन उघडली. एवढंच आठवतं.

"मग आजचीच तारीख घाल," मी म्हटलं.

"पण आज तिचा बर्थडे आहे ना!"

"असू दे. तिला म्हणावं, जरा सरकून बस."

पोरीनं फोटो खरंच सरकवला. तुमच्या घरातल्या म्हातारीला भिंतीवर जागा आहे का? नसेल तर ती जिवंत असतानाच करून द्या.