माळाची दृष्ट

किन्हवलीच्या पुढे रिक्षाने थोडं आत गेलं की जी वाडी लागते, तिथल्या कुंडलिकदादांनी स्वतःच्या कुठल्याही गोष्टीला आजवर चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. म्हैस बादली भरून दूध देत होती तेव्हा ते म्हणायचे, "उभी हाय एवढंच." मुलगा अनिल बारावीला पहिल्या वर्गात पास झाला, तर पेढे वाटता वाटता म्हणाले, "पेपर तपासनाऱ्याची कायतरी गडबड झाली असंल." आणि फार पूर्वी मुलगी बघून घरी आल्यावर आईने विचारलं होतं, "कशी हाय रे पोरगी?" तेव्हा दादांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि उत्तर दिलं, "चालेल."

ती पोरगी म्हणजे देवकीबाई. लग्नानंतर पंधरवड्यात हा शब्द सासूकडून त्यांच्या कानी आला. तो त्यांनी पदराच्या गाठीला बांधून ठेवलाय आणि भांडणात अधूनमधून सोडून दाखवतात.

हा काही दादांचा एकट्याचा स्वभाव नव्हे. सगळ्या वाडीचीच ही रीत. आपलं चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि सरकारी माणसासमोर म्हटलं की शेतसारा वाढतो, असा तिथला पक्का समज आहे. त्यामुळे कणगी भरलेली असली तरी बाहेरच्याला सांगायचं, "यंदा काय खरं नाय." सगळेच असं सांगतात. दादांचा हात मात्र त्यात कुणी धरत नसे.

वाडीच्या मागे मोठा माळ आहे. प्रत्येक घराची त्यात एक पट्टी. पावसाळ्यात उतारावर नाचणी-वरई होते, उरलेल्यात गवत माजतं. उन्हाळ्यात माळावरचा पालापाचोळा आणि गवत खाली आणून, शेताच्या कोपऱ्यात पसरून जाळायचं. हा राब. त्याच्या राखेत भाताचं बी टाकलं की रोपं जोमाने उठतात. म्हणजे भात खाली पिकतं, पण त्याची मुळं माळावर असतात. मे महिन्यात मात्र हा माळ असा दिसतो, की कुणालाही त्याची दया यावी.

अशाच एका मे महिन्यात मिताली आली. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी, हातात टॅब. नकाशे करणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. भागाचा नवा आराखडा व्हायचा होता, कुठे शेती राहणार, कुठे घरं आणि कुठे गोदामं येणार, याचा. त्यासाठी उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा प्रत्येक तुकडा रंगवायचं काम चाललं होतं.

"पण काका, आमची चित्रं उन्हाळ्यातली," तिने समजावून सांगितलं. "पावसाळ्यात मधे ढग येतात, खालचं काही दिसत नाही. म्हणून विचारायला आले. ह्या माळावर काय पिकतं?"

"काय पिकतंय बाय. दगड पिकतात."

"पावसाळ्यातही काही नाही?"

"पावसाळ्यात दगड ओले व्हतात."

"नाचणी वगैरे?"

नाचणीचं नाव काढताच दादा सावध झाले. "टाकतो दोन मुठी. पाखरं खातात."

"गुरं तरी चरत असतील?"

"चरतात कसली? फिरून येतात."

मिताली प्रामाणिक मुलगी. जे ऐकलं ते तिने टॅबवर भरलं. दुपारी देवकीबाईंनी तिला जेवायला बसवलं. नाचणीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, सुकटीची चटणी. तिसरी भाकरी मोडताना तिने विचारलं, "काकी, इतकी छान नाचणी कुठून आणता हो?"

देवकीबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून दादा म्हणाले, "बाजारातून."

देवकीबाईंनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की लोणी ताटातच वितळलं.

पुढच्या वर्षी आराखड्याचा कच्चा नकाशा शहापूरच्या कचेरीत लागला. शेजारचा शाम टेम्पो घेऊन रोज तिकडे जातो. तो नकाशाचा फोटो काढून घेऊन आला आणि टेम्पोतून उतरण्याआधीच ओरडला, "दादा, आपला माळ पिवळा पडला!"

"पिवळा म्हंजे?"

"पिवळा म्हंजे पडीक. आन वर काळे पट्टे मारल्यात. पट्टे म्हंजे गोदामं."

"आन पलीकडच्या गावचा?"

"हिरवागार! त्या लोकांनी सांगितलं, आमच्याकडं सोनं पिकतं."

"त्यांच्याकडं?" दादा उसळले. "अरे, त्यांची नाचणी आपल्या नाचणीच्या पासंगाला..." आणि तिथेच थांबले. पुढचा शब्द आपल्या नाचणीची तारीफ करणार होता.

"बोला की," शाम म्हणाला. "तवा बोलायचं तर बोलला नाय, आता तरी बोला."

रात्री देवकीबाईंनी गाठ सोडली. "माळ गेला तर राब कशाचा भाजू? तुमच्या लाजंचा? राब नाय तर रोपं नाय, रोपं नाय तर भात नाय. मंग गोदामाच्या दारात वाचमन व्हा, आन कोन काय विचारील तर सांगा, चालेल."

त्या रात्री दादांनी भातावर वरणसुद्धा मागून घेतलं नाही.

हरकती ऐकायच्या दिवशी दोघं नवरा-बायको शहापूरला गेले. टेबलामागे चष्मेवाले साहेब, शेजारी मिताली. दादांना बघून ती हसली. दादांनी तिची नजर चुकवली.

"बोला, हरकत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, माळ वाईट नाय."

"म्हणजे चांगला आहे?"

"तसं नाय बोललो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, आमच्याकडे तुमचंच सांगणं आहे, दगड पिकतात म्हणून. आता तुम्हीच वेगळं म्हणताय, तर नक्की काय लिहू?"

दादांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. शेवटी देवकीबाई पुढे झाल्या. "साहेब, हे माझ्याबद्दल पन असंच बोलतात, तरी संसार चाललाय. तुमी असं करा, पावसाचं येऊन बघा. ढगांच्या खाली येऊन."

साहेब हसले. "येतो. पण तिथे काकांनी स्वतः सांगायचं. आधी त्यांनीच सांगितलंय, तर आता खोडायचंही त्यांनीच."

भाद्रपदात साहेब आणि मिताली आले. सकाळी एक सर पडून गेली होती. उतारावर नाचणीची कणसं वळायला लागली होती, आणि गवत एवढं माजलेलं, की म्हशीची फक्त पाठ दिसत होती. मिताली बघतच राहिली.

"काका, हेच का ते दगड?"

"हां," दादा म्हणाले. "ओले झाल्यात."

शाम खो खो हसला. साहेबांनी मात्र सरळ विचारलं, "हे दरवर्षी असंच येतं?"

दादांनी माळाकडे पाहिलं. याच बांधावर उभं राहून त्यांचा बाप येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, 'काय खरं नाय', आणि माणूस वळला की वाकून कणसावरून हात फिरवायचा.

"दरवर्षी येतं," दादा म्हणाले. मग, "चांगलं येतं." आणि अगदी हळू, "लई चांगलं येतं, साहेब."

खोटं सांगताना त्यांची मान ताठ असायची. आज खरं सांगताना ती खाली गेली, आणि कान लाल झाले.

मितालीने टॅबवर माळाचा तुकडा शोधला, सीमा धरून बोट टेकवलं, आणि पिवळ्याचं हिरवं केलं. साहेबांनी शेरा लिहिला.

तेवढ्यात देवकीबाई मुठीत मीठ-मिरच्या घेऊन वर आल्या. "भर माळावर चांगलं बोलून बसलेत. दृष्ट काढाया नको?"

"वयनी, एवढा माळ ओवाळनार कसा?" शामने विचारलं. "सांजपर्यंत फिरत बसाल."

देवकीबाईंनी माळाकडे पाहिलं, मग टॅबकडे. "बाय, धर गो तो माळ समोर."

मितालीने दोन्ही हातांनी टॅब धरला. साहेब बूट काढावेत की नाही या विचारात एक पाऊल मागे सरकले. देवकीबाईंनी त्या हिरव्या तुकड्याभोवती मूठ फिरवली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, वरून बघनाऱ्याची..." मिरच्या घरी चुलीत टाकल्या, तर कुणाला साधा ठसकासुद्धा लागला नाही. म्हणजे दृष्ट चांगलीच लागली होती.

सुधारलेला नकाशा लागला, तेव्हा शाम पुन्हा फोटो घेऊन आला. दादांनी दोन बोटांनी तो मोठा केला, सगळ्या कडा बघितल्या, पलीकडच्या गावचा हिरवा आणि आपला हिरवा ताडून पाहिला.

"कसा वाटला, दादा?"

दादांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"चालेल."

आत भाकरी थापणारे हात जरा थांबले. मग पुन्हा थापल्याचा आवाज यायला लागला.